वहिनी येणार आहेत

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आमदारसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. पत्रिका छापून झाल्या होत्या, फाटकावरच्या कमानीवर त्यांचा हात जोडलेला फोटोही चढला होता. आणि ऐन वेळी त्यांच्या बंगल्यावरून फोन आला, की साहेबांना मुंबईला जावं लागतंय, त्यांच्याऐवजी वहिनी येतील.

आमदारांच्या बायकोला सगळं नाशिक वहिनी म्हणतं. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले आमचे मुख्याध्यापकही म्हणतात. फोन ठेवल्यावर सर माझ्याकडे वळले. मी शाळेत मराठी शिकवते आणि राहते साहेबांच्या बंगल्यामागच्या गल्लीत, या दोन गुन्ह्यांबद्दल मला शिक्षा झाली.

"मॅडम, वहिनींना भाषण लिहून द्या. आणि जरा बसवूनही घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेले. साहेब मुंबईत असले, तरी ओटीवर माणसं होतीच. आत वहिनी जमिनीवर मांडी घालून मटार सोलत बसल्या होत्या आणि एकेक माणूस दारात येऊन आपलं गाऱ्हाणं सांगत होता. सिन्नरहून आलेल्या एका गृहस्थांना मुलीच्या बदलीसाठी साहेबांचाच शब्द हवा होता.

"बदली पाहिजे का जावई नको झालाय?" वहिनींनी शेंग फोडत विचारलं.

गृहस्थांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "जावई दारू पितो."

"मग बदलीनं काय होणार? तोबी जाईल की मागं मागं. पोरीला घेऊन या माझ्याकडं. साहेबांना यातलं काय कळणार?"

साहेबांच्या दारात येणाऱ्या निम्म्या माणसांचं काम आतल्या आत, मटाराच्या टोपलीपाशीच उरकतं, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब बाहेर फक्त नमस्कार करतात.

मग माझी पाळी आली. मी मोठ्या हौसेने लिहिलेलं भाषण त्यांच्या हाती दिलं. वहिनींचं माहेर विंचूरकडचं, घरात कांद्याचा व्यापार. बोलण्यात त्या भल्याभल्यांना हार जात नाहीत, पण कागद समोर आला की त्यांचा आवाज पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखा बारीक होतो. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी' इथपर्यंत येऊन त्या थांबल्या.

"मॅडम, हे वाक्य संपतं कुठं?"

"पुढच्या पानावर."

"आणि श्वास?"

मी पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करून दिल्या. त्या बिचाऱ्या नेमाने प्रत्येक खुणेला श्वास घेऊ लागल्या, एवढा मोठा, की स्वयंपाकघरातून त्यांच्या सासूबाई विचारायला आल्या, "बरं नाही वाटत का गं?"

संमेलनाच्या दिवशी मात्र वहिनी ऐटीत आल्या. डाळिंबी पैठणी, नाकात नथ, बरोबर एक तरणा कार्यकर्ता. आल्या आल्या आम्ही त्यांना चहा दिला, मग नारळपाणी, मग संस्थेच्या अध्यक्षांनी आग्रह केला म्हणून पुन्हा चहा. मग अध्यक्षांनी संस्थेचा इतिहास सांगायला घेतला. जानेवारीतली नाशिकची थंडी, पोटात दोन चहा आणि एक नारळ. अध्यक्षांची गाडी संस्थेच्या स्थापनेपर्यंतसुद्धा पोचली नव्हती, तेव्हा वहिनी माझ्या कानाशी झुकल्या.

"मॅडम, बाथरूम?"

शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली असते शिपायाकडे, आणि शिपाई गेला होता कमी पडलेले हार आणायला. मी वहिनींना घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहाकडे निघाले. कार्यकर्ता मागोमाग निघाला. वहिनींनी वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो जागच्या जागी उभा राहून शाळेच्या फुलझाडांचं निरीक्षण करू लागला.

तिथे नववीतल्या दोन मुली नाचाच्या पोशाखात उभ्या होत्या. एक दाराला पाठ लावून, दुसरी पाण्याची बाटली घेऊन. दाराला कडी नव्हती. नळाला पाणी नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या प्रत्येक बैठकीत तो विषय निघायचा आणि चहा आला की मागे पडायचा.

"रोज असंच दार धरता?" वहिनींनी विचारलं.

"शक्यतो येतच नाही," बाटलीवाली म्हणाली. "शाळेत पाणीच पीत नाही आम्ही."

 वहिनी पैठणीचा घोळ सावरून आत गेल्या. ती मुलगी दार धरून उभी राहिली, चेहऱ्यावर असा काही भाव, की सीमेवर पहारा देतेय. बाहेर आल्यावर दुसरीने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर घातलं.

आम्ही परत व्यासपीठावर आलो तेव्हा अध्यक्ष संपत आले होते. वहिनींचं नाव पुकारलं गेलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, माझा कागद उघडला, "आदरणीय व्यासपीठ," म्हणाल्या, पहिल्या खुणेला श्वास घेतला आणि कागद मिटला.

"भाषण मॅडमनी लय छान लिहिलंय. ते मी घरी वाचते. सर, तुमच्या खोलीला कडी हाय ना?"

मुख्याध्यापक दचकून उभे राहिले. "आहे, वहिनी."

"मुलींच्या संडासाला नाय. मी आत्ताच जाऊन आले. मी पडले प्रमुख पाहुणी, म्हणून दार धरायला पोरगी मिळाली. ती पोरगी जाते तेव्हा दार कोण धरतं?"

 मग मागच्या बाजूला बसलेल्या आयांमधून एकीने टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळ्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. आमच्या शाळेत इतक्या टाळ्या कुठल्याच भाषणाला मिळाल्या नव्हत्या. माझ्या भाषणाला तर मिळाल्याच नसत्या.

"मी कुणाला रागवत नाय," वहिनी गोडीत म्हणाल्या. "सोमवारी परत येते. भाषणाला नाय. जिथं आत्ता गेले होते, तिथंच जायला."

मग त्यांनी हसत हसत सगळी बक्षिसं वाटली. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते, पण त्यांचे हात एकमेकांना लागत नव्हते.

अध्यक्ष साहेबांचे जुने स्नेही. निवडणुकीत त्यांची माणसं साहेबांसाठी राबतात. त्यांनी गाडीत बसताच मुंबईला फोन लावला असणार, कारण संध्याकाळी मला बंगल्यावरून बोलावणं आलं. मी घाबरत गेले. टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यातून साहेब गरजत होते.

"मॅडम, तुम्ही हिला बोलायला काय लिहून दिलं होतं?"

"मुलींचा सर्वांगीण विकास, साहेब," मी कशीबशी म्हणाले.

"मग तोच तर सांगितला मी," वहिनी फोनकडे वाकून म्हणाल्या. "अहो, जेवलात का तुम्ही?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "जेवतो." आणि फोन बंद झाला.

रविवारी सुट्टी असूनही शाळेत प्लंबर होता, सुतार होता, आणि त्या दोघांना काय करावं ते सांगणारे स्वतः अध्यक्ष होते. सोमवारी वहिनी खरंच आल्या. आत गेल्या, कडी लावल्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी मुख्याध्यापकांना नमस्कार केला आणि चहा न घेता निघून गेल्या.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. संमेलनांच्या पुढच्या हंगामात जिकडेतिकडे पाहुण्या म्हणून वहिनी हव्या होत्या. मला वाटलं, शाळा त्यांना आता टाळतील. काही टाळतही होत्या. पण बाकीच्या शाळांमधल्या बायांनी यातली गंमत ओळखली होती. पत्रिकेवर वहिनींचं नाव छापलं, की वर्षानुवर्षं न हललेलं काम आठवड्यात होतं. एका शाळेतल्या बाईंनी तर मला फोन करून सांगितलं, "मॅडम, वहिनींना यायला जमलं नाही तरी चालेल. फक्त येणार आहेत, एवढं आमच्या सरांना कळवा."

साहेब सुरुवातीला फुगून बसले होते. मग एका सभेत त्यांनी 'मुलींच्या स्वच्छतागृहांचा प्रश्न मी हाती घेतला' असं सांगून टाकलं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.

यंदा हरसूलच्या बाजूला एका शाळेत त्यांनी मला बरोबर नेलं. गाडीतच बाटलीभर पाणी पिऊन घेतलं, तयारी म्हणून. पोचल्याबरोबर तपासणी झाली. बाहेर आल्या त्या चेहरा पाडून.

"मॅडम, घात झाला. सगळं चकाचक हाय. कडी, पाणी, साबणसुद्धा. आता मी बोलू काय?"

मला हसू आवरेना. शेवटी माइकसमोर वहिनी मुलींनाच म्हणाल्या, "मला भाषण येत नाय. तुम्हीच विचारा काय ते."

बराच वेळ मुली एकमेकींना ढोसत राहिल्या. मग एक उभी राहिली. "तुम्ही स्वतःच का नाही उभ्या राहत निवडणुकीला?"

वहिनींनी पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "बस खाली, बाळा," एवढंच म्हणाल्या, आणि सगळ्या मुली खो खो हसल्या.

परतीच्या वाटेवर घाट उतरला, तोच साहेबांचा फोन आला. कार्यक्रम कसा झाला, ते विचारत असावेत.

"चांगला झाला," वहिनी म्हणाल्या. "एका पोरीनं एक प्रश्न विचारला. नाय, फोनवर नको. घरी आल्यावर निवांत बसून बोलू."