दरख्वास्त आणि हरकत

हे मी बायकोलाही बोललो नाही, आणि ती तर माझं सगळं ओळखून असते. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण माहीत नाही. सांगतोय.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या लहान गावात मी नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलावर जन्म काढला. माझा शिक्का बसल्याशिवाय एक कागद आत गेला नाही, एक कागद गहाळ झाला नाही. त्याचा गर्व होता, आजही आहे — लपवू कशाला? निवृत्त झाल्यावर आता लोक घरी येतात. नोटीस कशी वाचायची, हरकत मुदतीत कशी द्यायची, पोच मागून कशी घ्यायची, सुनावणीत न घाबरता कसं उभं राहायचं, सगळं शिकवतो. परवाच्या सुनावणीला गल्लीच्या गल्ली आली होती, बायकासुद्धा. कुणी अडखळलं नाही. माझी छाती फुगली. वाचनालयात माझा सत्कारही झाला. हा माणूस लोकांना नगरपरिषदेत बोलायला शिकवतो, असं सगळे म्हणाले.

पण एकाला — एकाला मीच बोलू दिलं नव्हतं.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. आठवडी बाजार स्टँडजवळून गावाबाहेर हलवायचा प्रस्ताव होता. हरकती-सूचनांची मुदत संपत आली तरी एकही हरकत नाही. शेवटच्या दिवशी दुपारीच मी अहवाल टाईप करून टाकला — 'हरकती : निरंक'. असा स्वच्छ अहवाल, म्हणून साहेबांनी साऱ्या कचेरीसमोर माझी तारीफ केली. आणि कचेरी सुटायला तासभर असताना रहीमचाचा आले.

चाचा कुलपं दुरुस्त करायचे. स्टँडच्या भिंतीला त्यांची बैठक. कंधारकडची एसटी थांबली की उतरणाऱ्याला पहिले तेच दिसत. बाजाराबरोबर त्यांची बैठकही तिथून उठणार होती; गावाबाहेर त्यांच्याकडे कोण जाणार? तेच त्यांनी अर्जात लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. फक्त वर मथळा होता 'दरख्वास्त'. आमच्याकडची जुनी माणसं कुठल्याही अर्जाला दरख्वास्तच म्हणतात. मजकूर बघायचा असतो, मथळा नव्हे — हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी शिक्का मारला, पोच दिली, आणि कागद विनंती-अर्जांच्या फायलीत लावला. निरंक तसंच राहू दिलं. कुणाचा दबाव होता? नाही. पुन्हा टाईप करायचा कंटाळा? तोही नाही. मिळालेली शाबासकी मला सोडवत नव्हती.

सभेत विषय लगेच मंजूर झाला. चाचा पोच हातात घेऊन दाराशी उभे. माझं नाव का पुकारलं नाही, त्यांनी विचारलं. चार लोकांत, मोठ्या आवाजात मी म्हणालो, "चाचा, ही दरख्वास्त हाय. हरकत न्हाई." लोक हसले. चाचा माझेच आभार मानून गेले.

नव्या बाजारात ते थोडे दिवस बसले. मग घरीच राहू लागले.

गेल्या वर्षी ते सुनेला माझ्याकडे घेऊन आले. गल्लीतल्या नळासाठी तिला अर्ज करायचा होता. मी सांगत होतो, ती लिहीत होती, आणि चाचा तिला म्हणाले, "नीट शिकून घे बेटा. मला लिहिता आलं न्हाई, म्हणून माझी जागा गेली."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी तिची एक वेलांटी दुरुस्त केली.

चाचा या उन्हाळ्यात वारले. त्यांना लिहिता येत होतं. ती हरकतच होती.