हिराजी तांडेल पूर्णवेळ फौजेत कसा आला

“सुभेदार साब, ऑर्डर पर चालीस में से उनतालीस के सिग्नेचर आये हैं. चालीसवाँ कहाँ है?”

मेजर साहेबांनी यादी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, “समुद्रात आहे, साहेब.”

“नेव्ही में?”

“नाही साहेब. मासे मारायला गेलाय.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की मला घाम फुटायचा.

आमची कंपनी अर्धवेळची. वर्षातले दोन महिने वर्दी, बाकी दहा महिने आपापला धंदा. कोणी श्रीवर्धनच्या बागेत सुपारी उतरवतो, कोणी ट्रक चालवतो. गरज पडली की सरकार पूर्णवेळ बोलावतं. त्याला आम्ही एम्बॉडिमेंट म्हणतो. नाव अवघड, अर्थ सोपा. ठरल्या वेळेत हजर झालात तर बारा महिन्यांचे फौजी, नाहीतर तुमच्या जागी राखीव यादीतला पुढचा माणूस. त्या वर्षी रोल, म्हणजे हजेरीपट, सोमवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता, म्हसळ्याच्या आमच्या ऑफिसात. हा संवाद झाला तो शनिवार.

चाळीसावा म्हणजे नाईक हिराजी. श्रीवर्धनचा कोळी, स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. या बोलावण्याची वाट त्याने नऊ वर्षं पाहिली होती. पुढच्या वेळी त्याचं वय बसणार नव्हतं. आणि नशीब बघा, हा मंगळवारी समुद्रात गेला आणि ऑर्डर बुधवारी आली!

मी तडक श्रीवर्धनला गेलो. हिराजीची बायको चांगुणा बंदरावर जाळं शिवत बसली होती.

“वहिनी, हिराजी कधी येतोय?”

“आठ दिवसांचा बरफ भरून गेलाय, सुभेदारभाऊ. बुधवारच्या आत कसा येल?”

मी ऑर्डर वाचून दाखवली. तिच्या हातातली सुई थांबली. “मंग बोलवा की त्याला! वायरलेस हाय ना.”

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेस सेट होता. मोबाईल जिथे पोचत नाही तिथे बोटी यावर बोलतात, आणि लांबच्या बोटीला निरोप मधल्या बोटी पुढे देतात. मी फौजी पद्धतीने सुरू केलं. नंबर, रँक, नाव, हुकूम. तीनदा सांगितलं. दहा-बारा बोटींनी ऐकल्याचं कळवलं. महादू नावाचा तांडेल तर म्हणाला, “पुढं बी सांगतलंय, सुभेदार. पन तो बोलनार न्हाय.” हिराजीकडून चकार शब्द नाही.

“सेट बंद पडला असेल,” मी म्हणालो.

चांगुणा हसायला लागली. मला रागच आला. इथे माणसाचं नाव कटतंय आणि ही हसतेय!

“अवो भाऊ, तुमी म्हसल्याची मानसं. त्याला मासली घावलीय. मासली घावली का तांडेल तोंड उघडत न्हाय. आवाज खनखनीत आला का बाकीच्यांना कलतं, बोट जवल हाय. मंग धावतात सगले तिथं.”

“मग ऐकतो तरी का?”

“ऐकतो तर! दुसऱ्यांना काय घावलं त्ये नको का कलायला?”

मग तिने माझ्या हातातून माइक घेतला. “आयकलंव ना? सोमवार, पाच वाजता, म्हसला. वर्दी विस्तरी करून ठेवतंय.” आणि माइक खाली ठेवला. मला म्हणाली, “भाऊ, सोला वर्सं मी दर्याकडं बघत बसलंय. फौजेत मानूस कुठं हाय त्ये निदान कागदावर तरी असतं.”



साहेबांना रिपोर्ट दिला. “संदेश दिलाय, साहेब.”

“जवाब?”

“तो ऐकतो साहेब, पण उत्तर देत नाही.”

“सुभेदार साब, फौज में नो रिप्लाय मतलब नो रिप्लाय. मंडे, पाँच बजे. एक मिनट ऊपर नहीं.”

रविवारही कोरडा गेला. सोमवारी एकोणचाळीस जण हजर झाले, सगळ्यांची मेडिकल झाली. राखीव यादीतला पुढचा माणूस सकाळपासून बाकावर बसून होता. साडेचारला साहेबांनी पेन उघडलं. मी उगीचच दोनदा बाहेर जाऊन आलो.

चारला नाही, साडेचारला नाही, पाचला दहा कमी असताना मासळीचा टेम्पो गेटवर उभा राहिला. केबिनमधून चांगुणा उतरली आणि मागून, खोक्यांमधून, हिराजी. वर्दी कडक इस्त्रीची, केस मिठाने पांढरे, आणि वास असा की पहाऱ्यावरचा संत्री दोन पावलं मागे सरला. मला तर त्याला तसाच मिठी मारावीशी वाटली. पण फौज आहे, सॅल्यूट घेतला.

“जवाब क्यों नहीं दिया?” साहेबांनी विचारलं.

“बोललो असतो तर जागा कलली असती, साहेब.”

“बोट कुठाय तुझी?” मी विचारलं.

“तितंच. भाऊ सांभालतोय. आमची बोट हलली असती तर खलाशांच्या आठ घरांचा हंगाम बुडाला असता. मी होडक्यानं महादूची बोट गाठली, त्यानं सोडलं मना.”

 महादू आणि हिराजी म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. जाळ्यावरून भांडण झाल्यापासून एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नव्हते. आणि तो महादू आपली मासेमारी सोडून याला किनाऱ्यावर पोचवतो?

“फुकट?”

हिराजीने मान खाली घातली. “जागा सांगतली त्याला.”

 चांगुणा उसळली. “महादूला? मना सोला वर्सांत सांगतली न्हायस ती जागा!”

“तू कुठं म्हसल्याला सोडनार व्हतीस,” हिराजी पुटपुटला.

ती फणकाऱ्याने वळली, पण पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. साहेबांना मी सगळं हिंदीत समजावलं. त्यांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं आणि रोलवर चाळीसाव्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘हजर’ लिहिलं.

हिराजी पूर्णवेळ झाला. नोकरी चोख केली, तक्रार एकच, वासाची, आणि तीही पहिल्या आठवड्यापुरती. मी आता रिटायर झालोय. नवीन पोरं हजेरीची पद्धत विचारतात, तेव्हा एवढंच सांगतो: ‘ओ’ आला नाही म्हणून लगेच गैरहजेरी मांडू नका, आधी त्याच्या बायकोला विचारा.