तोच आकडा, दोन्ही बाजूंनी

माझ्या लग्नाचा निर्णय मी एका वादविवाद स्पर्धेची परीक्षक म्हणून बसले त्याच दिवशी घेतला, आणि त्या स्पर्धेचा विषय होता अमली पदार्थांचा कायदा. हे वाक्य मी वर्गात कधीच उच्चारले नाही. उच्चारले असते तर पुढचा सगळा तास हातचा गेला असता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. वाशीला अजून रेल्वे आलेली नव्हती. खाडीपुलावरून बसने यायचे आणि बसनेच जायचे. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून इकडे येऊन स्थिरावत होता, आणि आमच्या सेक्टरच्या वाचनालयाला त्या बाजारातल्या अडत्यांच्या देणग्या मिळत होत्या. मी एका शाळेत गणित शिकवत असे आणि दादा-वहिनींबरोबर नव्या फ्लॅटमध्ये राहत असे. दादाने माझ्यासाठी एक स्थळ आणले होते. मुलगा ठाण्याच्या कोर्टात वकिली करणारा. मी दादाला स्पष्ट सांगितले होते, की मी चहाचा ट्रे घेऊन कोणासमोर येणार नाही. दादा वाचनालयाच्या समितीवर होता. त्याने वर्धापनदिनाच्या वादविवाद स्पर्धेला दोन परीक्षक नेमले: एक मी आणि एक तो वकील.

"दोन तास एका टेबलाशी बसा," दादा म्हणाला. "चहा कार्यकर्ते देतील. सोमवारी सकाळी मला हो किंवा नाही सांग. त्यांच्या घरी कळवायचंय."

लग्नाच्या बाबतीत माझी कसोटी एकच होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. आपल्या मताला सोयीचा आकडा समोर आला, की माणूस काय करतो? बहुतेक माणसे तो आकडा उचलून खिशात घालतात. तो कुठून आला, कशातून मोजला, कोणी मोजला, हे विचारत नाहीत. अशा माणसाबरोबर जन्म काढणे मला जमले नसते. दिसणे, उंची, पगार या गोष्टी मी वहिनीवर सोपवल्या होत्या. ती पहिल्या रांगेत बसून त्यांची तपासणी करणार होती.

त्या वर्षांत मुंबईत गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनाबद्दल फार बोलले जात होते. वर्तमानपत्रांत रोज गर्दुल्ल्यांच्या बातम्या येत, आणि देशात अमली पदार्थांविरुद्ध नवा, कडक शिक्षेचा कायदा आला होता. म्हणून स्पर्धेचा विषय ठरला: "कडक शिक्षेनेच व्यसन आटोक्यात येईल." गुणपत्रकात नेहमीप्रमाणे आशय, मांडणी आणि आवाज ही तीन सदरे होती. मी त्यात चौथे घातले: आकडेवारीचा उपयोग. मुलांनी आकड्याकडे चिकित्सेने पाहावे, हा माझा हेतू. सेक्रेटरींनी ते सदर वाचनालयाच्या फलकावर ठळक अक्षरांत लावले. हेतू मात्र लावला नाही, कारण तो मी लिहून दिला नव्हता.

रविवारी दुपारी मी हॉलमध्ये पोहोचले, तेव्हा वकील टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. उंच, किंचित वाकलेले, चष्मा नाकावर घसरलेला. नमस्कार झाले. मागच्या खुर्च्यांवर बाजारातले अडते बक्षिसांचे देणगीदार म्हणून बसले होते. एका बाजूला जवळच्या गावातली मंडळी होती, कारण त्यांच्यातला एक मुलगा बोलणार होता. वहिनी अगदी समोर, हातात पंखा.

पहिला स्पर्धक उभा राहिला आणि त्याने पहिल्याच वाक्यात आकडा टाकला. दुसऱ्या वाक्यात दुसरा. तिसऱ्यात टक्केवारी आली, तीही दशांशासह. सदराला गुण आहेत म्हणजे प्रत्येक आकड्याला गुण आहे, असे सगळ्या स्पर्धकांनी गृहीत धरले होते. मागच्या खुर्च्यांवरच्या अडत्यांना हा प्रकार ओळखीचा वाटला. आकडा वाढला की त्यांतला एक जण लिलावाच्या सवयीने हात वर करी.

"बोला, पुढं बोला!"

"तिप्पट!" स्पर्धक ओरडला.

"तिप्पट झाले! अजून कोण?"

टाळ्या. सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "मॅडम, पब्लिक एकदम खूश हाय. टेन्शन घेऊ नका."

मी टेन्शनच घेत होते. शेजारी वकील शांतपणे काही टिपत होते, आणि ते आकडे टिपून घेत आहेत की काय, या शंकेने मी मान तिरकी करून त्यांच्या कागदाकडे पाहत होते.

आमच्या स्पर्धेत परीक्षकांनी प्रत्येक वक्त्याला एक प्रश्न विचारण्याची पद्धत होती. एका स्पर्धकाने सांगितले, की त्याच्या कॉलेजात गर्द ओढणाऱ्यांत एका वर्षात शंभर टक्के वाढ झाली आहे. मी विचारले, "किती होते आणि किती झाले?"

"एकाचे दोन, मॅडम."

"म्हणजे आता दोन आहेत?"

तो घुटमळला. "नाही. पहिला पास होऊन गेला."

"मग आता किती?"

"एकच, मॅडम."

"भाव उतरला!" मागून आवाज आला, आणि हॉल हसून कोसळला. मी वहीत तोंड खुपसले. परीक्षकाने हसू नये, असा माझा नियम होता, आणि त्या दुपारी तो फार नाजूक अवस्थेत होता.

पुढचा मुलगा म्हणाला, की पकडलेल्या जवळजवळ सगळ्या गर्दुल्ल्यांनी आधी सिगारेट ओढलेली होती, म्हणून सिगारेट हेच मूळ आणि तिच्यावरही तसलाच कडक कायदा हवा. वकिलांनी मान वर न करता, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले, "त्या सगळ्यांनी आधी आईचं दूधही प्यायलं होतं."

माझ्या घशातून जो आवाज निघाला त्याला शाळेच्या भाषेत शब्द नाही. वहिनीचा पंखा थांबला. मी ठसका लागल्याचे दाखवून पाणी मागितले.

इथे थोडे समजावून सांगते. एखाद्या गटातल्या सगळ्यांनी एक गोष्ट केलेली असली, म्हणून ती गोष्ट करणारे सगळे त्या गटात जात नाहीत. उलट बाजूने मोजून पाहावे लागते: सिगारेट ओढणाऱ्यांपैकी किती जण गर्दकडे गेले? वर्गात हे पटवायला मला एक आठवडा लागत असे. वकिलांनी ते एका वाक्यात उरकले होते.

मग एक मुलगी विषयाच्या बाजूने उभी राहिली. तिने वर्तमानपत्राचे कात्रण उंच धरले. कायदा आल्यापासून गर्दसह पकडलेल्यांची संख्या अमुक झाली, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त; म्हणजे कायदा आपले काम करतो आहे! (तो आकडा मी इथे देत नाही. तो खरा होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.) टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्यानंतर विरुद्ध बाजूने एक मुलगा आला. त्यानेही कात्रण काढले. पकडलेल्यांची संख्या अमुक झाली, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे व्यसन वाढतच आहे, कायदा फसला!

पुन्हा टाळ्या पडल्या. मग गावच्या मंडळींतले एक काका उठून उभे राहिले.

"अरं, यो आकडा त मंगाशी त्या पोरीनी पन सांगितला हाय ना!"

"काका, बसा," सेक्रेटरी म्हणाले.

"बसतो रं. पन पोरगी खरी का पोरगा खरा, ह्ये सांगा. मी दोनी टायमाला टाल्या वाजवल्या!"

मी वकिलांकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर गावचा मुलगा बोलला. त्याच्याकडे एकही आकडा नव्हता. गर्द ओढणाऱ्या आपल्या मित्राबद्दल तो बोलला: कडक शिक्षेच्या भीतीने त्याचे आईवडील त्याला दवाखान्यातही नेत नाहीत, घरातच कोंडून ठेवतात. "असे किती असतील ते मला ठाऊक नाय," तो म्हणाला, "पन जो घरात कोंडलाय तो कोनाच्याच मोजनीत नाय." टाळ्या पडल्या नाहीत. कोणाला सुचल्या नाहीत.

निकालासाठी आम्ही बालवाडीच्या खोलीत गेलो. लहान मुलांच्या खुर्च्या होत्या. वकिलांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. गुणपत्रके एकमेकांसमोर ठेवली. कात्रणवाल्या दोघांनाही आकडेवारीच्या सदरात मी शून्य दिले होते. वकिलांच्या कागदावरही दोन शून्ये होती. माझे हृदय इतक्या जोरात धडधडले, की मी ताबडतोब भांडणाचा मुद्दा शोधला.

तो सापडला. गावच्या मुलाला त्यांनी त्या सदरात पूर्ण गुण दिले होते.

"त्याने आकडा दिलाच नाही," मी म्हटले. "मग उपयोगाचे गुण कशाचे?"

"त्यानं सांगितलं ना, कोण मोजलं जात नाही ते. पकडलेल्यांची संख्या म्हणजे पोलिसांनी किती पकडले ते. ओढणारे किती, ते वेगळं. हे अख्ख्या हॉलमध्ये त्या एकट्याला दिसलं."

"एका मित्रावरून?"

"एकावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. त्यानंही तसा दावा केला नाही."

"मी त्याला निम्मे दिले आहेत, आणि मी ते बदलणार नाही."

"बदलू नका," ते म्हणाले. "मीही बदलत नाही. पण एक विचारू? तुमचं सदर फलकावर लागल्यावर स्पर्धेतले आकडे वाढले. यावरून तुमचा नियम यशस्वी झाला म्हणायचं, की फसला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि हसू फुटले. परीक्षकाचे नव्हे, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचे. तेही हसू लागले आणि त्यांची ती इवलीशी खुर्ची कलंडली. ते जमिनीवर बसून हसत राहिले. सेक्रेटरी दारात आले, आम्हा दोघांकडे पाहिले आणि दार हळूच ओढून घेतले.

ढाल गावच्या मुलाला मिळाली. काकांनी पुन्हा दोन वेळा टाळ्या वाजवल्या.

घराकडे जाताना वहिनीने माझा दंड धरला. "माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे. चष्मा बदलून घेऊ. तुझं काय?"

"वहिनी, मी त्यांना फक्त एक दुपार पाहिलं आहे. नमुना फार लहान आहे."

"अगं बाई, नवरा एकच करायचा असतो," वहिनी म्हणाली. "मोठा नमुना आणायचा कुठून?"

गणितात या युक्तिवादाला उत्तर आहे. मला ते तेव्हा आठवले नाही. मी वहिनीला तिथेच सोडून बस स्टॉपकडे निघाले, भर रस्त्यात, जवळजवळ धावतच. वकील ठाण्याच्या बसच्या रांगेत उभे होते.

"एक प्रश्न राहिला," मी धापा टाकत म्हटले. "परीक्षकांचा एक प्रश्न असतो. तुम्ही आजवर किती मुली पाहिल्या?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "सांगतो. पण आधी हे सांगा, तो आकडा तुम्हाला कशाचा पुरावा म्हणून हवाय?"

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मी विचार केला. प्रामाणिकपणे, जितका करता येईल तितका.

"कशाचाच नाही," मी म्हटले. "राहू द्या. उद्या दादा तुमच्या घरी होकार कळवेल."

बस आली. रांग पुढे सरकली. ते सरकले नाहीत.