तीन महिन्यांची चौकशी

माही बायको, बुढी, अन् मी शेवटचं सोबत काही केलं असंन, तर तुरीच्या शेंगा सोलल्या. तिच्या हातात जोर नव्हता. शेजारची नर्स पोरगी तिच्या बोटांवर बोटं ठेवून सोलत होती. बिनमायची ती पोरगी बुढीनंच वाढवलेली. नोकरी सोडून तीन महिने तिच्या उशाशी बसली.

बुढी गेली अन् पंधरा दिवसांनी तो आला. नागपूरचा दवाखाना पोरीले नोकरी देऊन राह्यला होता, पण चौकशी नीट निघाली तरच. चौकशी करणारे हे साहेब. चपला दारात जोडून ठेवल्या अन् माझ्या दाराचा, बकरीचा फोटो काढला. बकरीही साक्षीदार असंन. दर उत्तराले मोबाइलची काच शर्टाले पुसे, मग त्यातल्या फॉर्मवर अंगठा दाबे.

"काकाजी, तीन महिने पोरगी कुठं होती?"

"माह्या घरी. बुढीचं हगणं-मुतणं काढत होती."

"काही कागद हाय का?"

"बुढीच होती कागद. जाळून आलो."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. हळूच म्हणाला, "सेवा केली, हे यात भरता येत नाई, काकाजी. नोकरी केली म्हणा, भरतो. पण मालकाचं लेखी पाह्यजे. उद्या दुपारपर्यंत, नाई तर पोरीचं काम गेलं."

जाताना बुढीच्या फोटोले त्यानं हात जोडले. त्याचा मात्र फोटो काढला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं आर्वीले गेलो, अर्ज लिहिणाऱ्यासमोर बसलो, अन् जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला मी वाकडीतिकडी सही ठोकून मालक झालो.