माझा मोतीबिंदू मुंबईला जाऊन आला

माणसं काशीला जातात, काही सिंगापूरला जातात. माझा मोतीबिंदू मुंबईला आंतरराष्ट्रीय परिषदेला गेला. मी त्याच्यासोबत होतो, इतकंच.

झालं असं. माझा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला. उरलेल्या उजव्यावर मी पोस्टातली नोकरी केली, संसार केला आणि चौथीच्या जुन्या पुस्तकातल्या कविता पुन्हापुन्हा वाचल्या. मग त्याच्यावरही ढग आला. कविता पाठ होत्या, पण त्यातली कडवी गळायला लागली. आमची ही वाचून दाखवायची. पण ती कविता किराण्याच्या यादीसारखी वाचते. चंद्र, चांदणे, नदी, किनारा, प्रत्येकी अर्धा किलो. म्हणून ऑपरेशन करायचं ठरलं.

आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि त्यांचा आवाजच उजळला. "काका, थोडं थांबू या. मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद आहे. परदेशी सर्जन ऑपरेशन करतात आणि सभागृहात ते पडद्यावर थेट दिसतं. त्यांना कडक मोतीबिंदू लागतो. तुमचा अजून जरा पिकू द्या."

"आंबे आढीत घालतात तसा?" हिने विचारलं.

"काकू, क्लिनिकचं नाव होईल! काकांचा डोळा देशोदेशीचे डॉक्टर बघतील."

मला मोह झाला. शाळेच्या संमेलनात मला कधी कुणी स्टेजवर घेतलं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी चहात मीठ घातलं, गॅसवाल्याला मेहुणा समजून मिठी मारली, पण कॉलनीत सांगायचो, "आमचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे."

क्लिनिकच्या जीपने पहाटे निघालो. जाणार असाल तर उजाडायच्या आत नाशिक सोडा; रस्ता रुंद करायचं काम चाललंय आणि तूर्त तरी तो अरुंदच होतोय. ड्रायव्हर रामभाऊ घोटीचे. म्हणाले, "काका, पुढं लय खड्डे हाय. डोळा सांभाळून बसा." त्यांच्याच गावात चहा-भजी घेतली. भजी गरम असली तरच घ्या. चहा कसाही असला तरी घ्या. कसारा घाटात धुकं होतं म्हणे. माझं धुकं घरापासूनच सुरू होतं. त्या नादात मी एक कविता चालीवर म्हणायला घेतली आणि तिसऱ्या कडव्याशी अडलो. तिथे मी नेहमीच अडायचो.

"गप्प बसा हो," ही म्हणाली. "डॉक्टर भाषण पाठ करतायत."

खरंच, पुढच्या सीटवरून शहापूरपर्यंत 'थँक्यू मिस्टर चेअरमन' एवढंच ऐकू येत होतं.

परिषदेच्या हॉटेलच्या दारात बिल्ल्यांचं टेबल होतं. डॉक्टरांना वेगळा बिल्ला, वक्त्यांना वेगळा, कंपनीवाल्यांना वेगळा, डॉक्टरांच्या बायकांना 'स्पाउस' म्हणून वेगळा. पेशंटसाठी काही नव्हतं. टेबलावरची मुलगी गोंधळली आणि तिने हिला 'डेलिगेट' केलं, मला 'स्पाउस'. (हॉटेलातली कॉफी विकत घेऊ नका. बिल्ला असला की सभागृहाबाहेर फुकट मिळते.) डेलिगेटबाईंनी तासाभरात सगळे स्टॉल पालथे घातले. पेनं, डोळ्यांचे थेंब, एक छापील कापडी पिशवी, सगळं जमलं. एका लेन्सवाल्याने अदबीने विचारलं, "मॅडम, वर्षाला किती केसेस करता?"

"एकच आहे," ही म्हणाली. "तीच पुरे झालीय."

संध्याकाळी परदेशी पाहुण्यांनी मला तपासलं. उजवा डोळा पाहून "ब्यूटिफुल!" म्हणाले. आमचे डॉक्टर बोटभर उंच झाले. मग पाहुण्यांनी डावा पाहिला आणि हातातली बॅटरी खाली ठेवली. पोस्टातल्या इंग्रजीवर मला एवढं कळलं, की ज्याला एकच डोळा आहे त्याचा डोळा ते पडद्यावर कापत नाहीत. मग त्यांनी विचारलं, एवढं थांबलात कशाला?

"पिकायला ठेवला होता," ही मराठीत म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच भाषांतर केलं: पेशंट उशिरा आला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्याशा क्लिनिकच्या आजी पडद्यावर आल्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

"काय दिसतंय गं?"

"कलिंगडाएवढा डोळा."

"आणि?"

"लोक जेवायला उठतायत."

परतताना घाट चढून वर आलो. घोटीला पुन्हा भजी आली. हिने हात लावला नाही.

"डॉक्टर, आता कधी?"

"काकू, आता तो अवघड झालाय. फार कडक. एकच डोळा, त्यात जोखीम..."

"अवघड आहे म्हणूनच मिरवत नेला होतात ना?"

रामभाऊ उठून उगाच टायर बघायला गेले. डॉक्टर भज्यांची बशी बाजूला सारून म्हणाले, "मंगळवारी. मीच करतो, काका. सावकाश करतो." परिषदेचा विषय निघाल्यापासून त्यांचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मंगळवारी पडदा नव्हता, चेअरमन नव्हते. एरवी ऑपरेशन करताना म्हणे कांद्याच्या भावापासून गप्पा मारणारे डॉक्टर चकार शब्द बोलले नाहीत. मी घाबरलो. मनात कविता सुरू केली, तिसऱ्या कडव्याशी अडलो, पुन्हा पहिल्यापासून घेतली. किती वेळा, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर डॉक्टर, डोळे तांबारलेले, दाढी न केलेली.

"काका, किती बोटं?"

"सांगतो. आधी तुम्ही श्वास घ्या."

क्लिनिकमध्ये आता मोठा फोटो लागलाय: आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग. डॉक्टर आणि पाहुणे मधोमध. कडेला अर्धा मी, छातीवर 'स्पाउस'.

त्या दिवशी घरी आल्यावर चौथीचं पुस्तक उघडलं. तिसरं कडवं जागच्या जागी होतं. मग गॅलरीत जाऊन बसलो. ही बाजारातून येत होती, हातात मुंबईची ती कापडी पिशवी, वर मेथीची जुडी. दुसऱ्या मजल्यावरून मी पिशवीवरची अक्षरं वाचली. चक्क चालीवर वाचली: मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका.

"अगं, हे काय लिहिलंय!"

"मी मुंबईतच वाचलं होतं," ही खालून ओरडली. "तुम्हाला वाचून दाखवणार होते. पण मी यादीसारखं वाचते ना!"