टॉवेलवाल्याची शेवटची स्टेज

थोरल्या भावानं मागच्या महिन्यात शेळगावहून ज्वारीच्या पोत्यासोबत एक पिशवी पाठवली. आत आमची लहानपणीची व्हिडिओ गेम, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. वर निरोप, "घरात अडगळ झालीया. तुला लई आवडायची." मला आवडायची म्हणे. खेळायला कधी मिळाली असती तर आवडली असती.

कॅसेटमध्ये एक हिरो होता. पाठीला लाल कापड बांधून उडायचा आणि गुंडांना बुकलायचा. आम्ही त्याला टॉवेलवाला म्हणायचो. त्याच्या आठ स्टेज होत्या. आमच्याकडं नववी होती, लाईट. लाईट आली की टीव्ही चालू, आणि त्याच लाईटीवर विहिरीची मोटारही चालू. म्हणजे खेळायची वेळ आणि उसाला पाणी द्यायची वेळ एकच. एक जण शेतात हवाच, पाणी या सरीतून त्या सरीत सोडायला, दारं धरायला. तो एक जण कायम मी. थोरला पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "दारं धरून ये, मग देतो." पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन मी परत यायचे, तोवर लाईट गेलेली असायची.

एके दिवशी त्यानं मला दारातच गाठलं. "संपवली गेम. लई भारी शेवट हाय." काय शेवट, तर सगळं शहर गोळा होतं, टॉवेलवाल्याला ट्रॅक्टरवर बसवतात, हलगी वाजते, गुलाल उधळतात. मी विश्वास ठेवला. जिंकलेल्या माणसाचं आमच्याकडं असंच करतात, मग परदेशात वेगळं काय करतील? त्या दिवशी मी जेवले नाही. पुढं कितीतरी भाऊबीजांना त्याला ओवाळताना मला तो गुलाल दिसायचा आणि ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटायचं.

आता बारामतीत माझ्या घरी लाईट सहसा जात नाही. जुन्या टीव्हीला वायरी जोडल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि रोज दुपारी बसले. टॉवेलवाला बघवत नाही. चौकोनी तोंड, उडी मारली की भिंतीवर आपटतो. असल्या ध्यानासाठी मी सख्ख्या भावावर इतकी वर्षं दात धरला, याचाही राग आला. तरी सोडलं नाही. अंगठा सुजला.

काल आठवी स्टेज संपली. पडदा काळा झाला. मी चक्क ट्रॅक्टरची वाट बघत बसले. मग पहिली स्टेज पुन्हा सुरू झाली, तेच गुंड, तीच भिंत. शेवट असा काही नव्हताच.

तडक फोन लावला. "दादा, मी गेम संपवली."

त्याच्या मागं पाण्याचा आवाज येत होता.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मी सातव्या स्टेजच्या म्होरं कदी गेलोच न्हाय. तुला जळवायला ठोकून दिलं हुतं. काय हाय गं शेवटी?"

इतकी वर्षं मला जळवलं, आणि आता यालाच शेवट हवा होता.

"कुठं हायस तू?" मी विचारलं.

"उसात. आत्ताच लाईट आली."

"मग दारं धरून ये," मी म्हटलं, "मग सांगते." आणि फोन ठेवला.