मूठभर साखर आणि आबांचं गाऱ्हाणं

ओट्याच्या साच्याची बाजूची पट्टी काढली आणि मी काँक्रीटवर बोट दाबलं. बोट आत गेलं.

ओतून तिसरा दिवस होता. एव्हाना वर टकटक केली तर दगडासारखा आवाज यायला हवा. इथे आंबोळीचं पीठ. माझा गवंडी बाबल्या खाली बसला, त्याने कोपरा हातात धरला, आणि तो कोपरा शिंपल्यांसकट त्याच्या हातात आला.

"सायबानू, ह्या काय ता?"

काय ते मला माहीत होतं.

मी सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. ऑफिस सावंतवाडीला, कामं सगळ्या किनाऱ्यावर. मालवणजवळ खाडीकाठी संध्यावहिनींनी होमस्टे काढला होता. नवरा बोटीवर, घरात त्या आणि त्यांचे सासरे, आबा. अंगणात माडाखाली उघडं स्वयंपाकघर करायचं, पाहुण्यांसमोर मासे तळायचे, असा त्यांचा बेत. ओटा काँक्रीटचाच हवा होता, आणि त्यात खाडीतल्या शिंपल्यांचे तुकडे. घासून पॉलिश केलं की ते चमकतात.

असा ओटा उलटा ओततात. प्लायवूडचा साचा करायचा, तळाला गुळगुळीत लॅमिनेट, सांधे सिलिकॉनने बंद. तळाशी शिंपले पसरायचे, वर काँक्रीट, मध्ये सळ्यांची जाळी. घट्ट झालं की उलटं करायचं. जी बाजू खाली होती ती वर येते, म्हणून साचा भरताना घाई चालत नाही.

आणि ओतलं आम्ही मे महिन्यात, भर दुपारी. उन्हात काँक्रीट भराभर आवळतं. त्यासाठी रिटार्डर नावाचं औषध मिळतं, ते सिमेंटला थोडं थोपवून धरतं. माझा कॅन ऑफिसात राहिला होता. सावंतवाडीला परत कोण जाणार?

तेव्हा मला साइटवरची जुनी युक्ती आठवली. साखर. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून होतं. साखर ती क्रिया अडवते. चिमूटभर घातली तर काही तास मिळतात. जास्त झाली तर काँक्रीट दिवसेंदिवस तसंच पडून राहतं. त्यामुळे ती वजन करून घालायची असते.

मी वहिनींच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेलो, साखरेचा डबा उघडला, रुमालात साखर बांधून घेतली, आणि बाहेर येऊन पाण्याच्या बादलीत एक मूठ सोडली. पुढच्या बादलीत पुन्हा एक. तिसऱ्या बादलीतही. कोणी पाहिलं नाही.

साचा भरण्याआधी आबांनी गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना नारळ हातात घेऊन देवाला, जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगायची रीत आहे. आबांचा आवाज असा की वाडीत लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो, माणसं त्यांनाच बोलवायची. नारळ फोडून त्यातलं पाणी त्यांनी कालवलेल्या ढिगावर शिंपडलं. मीही हात जोडले.

आता त्याच ढिगाचा लगदा झाला होता आणि वहिनी समोर उभ्या होत्या. पहिले पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते.

"असं कसं झालं हो? सिमेंट खराब होतं का?"

सिमेंट चांगलं होतं. बाबल्याचा हात चांगला होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नारळाचं पाणी पडलं ना त्यात. त्यात साखर असते. सिमेंटला साखर चालत नाही."

साखर चालत नाही हे खरं. पण एका नारळाच्या पाण्याने एवढ्या सिमेंटचं काही बिघडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आबा पडवीच्या पायरीवर बसले होते. हातातली विडी त्यांनी न ओढताच विझवली.

दुसरा ओटा मी पदरच्या खर्चाने ओतून दिला. सकाळी, सावलीत, रिटार्डर घालून. नारळ कोणी आणला नाही. ओटा सुरेख झाला. मी ते प्रकरण संपलं असं धरलं.

दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक वाढले, तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघराची रीतसर पूजा ठेवली. मला बोलावणं होतं. ओट्यावर नारळ, विडा मांडलेला. वाडीतली माणसं जमलेली. सगळे आबांकडे बघत होते. आबा जागचे हलेनात.

"आबानू, उठा," बाबल्या म्हणाला.

"दुसऱ्या कोणाक तरी सांग. माज्या हाताक गुण नाय."

मी वहिनींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मे महिन्यापासून असंच. शेजाऱ्यांची होडी लोटायची होती, गेले नाहीत. माझ्या नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यालाही नारळ दुसऱ्याच्या हातात दिला. म्हणतात, माझ्या नारळाने सुनेचा ओटा नासला."

एक वाक्य बोललो होतो मी. माझं नाव राखायला. आणि या माणसाने सहा महिने तोंड मिटून घेतलं होतं.

"आबा," मी म्हणालो. आवाज चढला, सगळ्यांनी वळून बघितलं. "नारळान काय एक झाला नाय. साखर मीया घातलंय. डब्यातली. मुठीन."

वहिनींचा चेहरा दगड झाला. "माझ्या डब्यातली?" एवढंच त्या म्हणाल्या. बाबल्याने मान फिरवली. काँक्रीट त्याने कालवलं होतं, त्याच्या हातावरही महिनोन्‌महिने संशय राहिला असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आबा काठी टेकत माझ्यासमोर आले. मला वाटलं, काठी बसणार.

"झिला, चाय देतव तेव्हा साखर नको म्हणतंस तू?"

"होय आबा. डायबिटीस आसा."

"आपल्याक एक चमचो सोसणा नाय, आणि सिमिटाक मुठी चारतंस?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी नारळ उचलला, क्षणभर तसाच धरला. मग घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चुलीकडे जो कोण येयत, तो उपाशी जाव नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि ह्या इंजिनेरान जा काय केला, ता आपल्याच तोंडान सांगल्यान. पण उशिरा सांगल्यान! फुडल्या टायमाक येळेर सांगाची ह्येका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज वहिनींचा होता.

माझाही त्यात होता.

वहिनींनी मला पुढचं काम दिलेलं नाही. बाबल्या अजून माझ्याकडे आहे, पण पाण्याच्या बादलीला तो आता मला हात लावू देत नाही. रिटार्डरचा कॅन मी गाडीतच ठेवतो. साइटवर जे काही मिसळतो ते सगळ्यांसमोर मोजून मिसळतो, आणि काय मिसळलं ते मोठ्याने सांगतो.